बाळाबाईची ओळ

मीनाबाईला स्टुडिओ पहिल्याच दिवशी पटला नाही. गाणं म्हणायच्या जागेला निदान वारा तरी हवा, असं तिचं सरळ मत. इथं राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर चारी भिंतींना काळा स्पंज, दार लावलं की कोंडवाड्यात घातल्यासारखं, आणि काचेपलीकडं प्रसेनजीत नावाचा दाढीवाला तरुण. त्यानं तिला उंच स्टुलावर बसवलं, तोंडापुढं माईक आणला, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, "आज्जी, आता निवांत म्हणा."

"निवांत कसं म्हणू? पाय लोंबकळत्यात. आन कानात हे टकटक कोण करतंय?"

टकटक तालासाठी होती. मीनाबाईनं सकाळभर त्या टकटकीशी भांडण केलं आणि शेवटी टकटक हरली. प्रसेनजीतनं ती बंद केली, स्टूल बाहेर नेऊन ठेवलं, जमिनीवर पोतं अंथरलं आणि माईक खाली आणला. मीनाबाई उकिडवी बसली, पदर खोचला, पिशवीतनं खुरपं काढून हातात धरलं आणि आवाज लावला. तो असा लागला की काचेपलीकडं प्रसेनजीत बटण दाबायचंच विसरला. पोरगं कामाचं आहे, हे तिला तेव्हा कळलं. ज्याचा हात ऐकता ऐकता थांबतो त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नसते.

ही सगळी उठाठेव तिच्या नातीची, अक्षताची. पोरगी कोल्हापुरात कॉलेजला. प्रसेनजीत रानातल्या गाण्यांचा अल्बम करायच्या खटपटीत आहे असं कळल्यावर तिनं आज्जीच्या ओव्या फोनवर टिपून त्याला ऐकवल्या, आणि पुढच्या महिन्यात आज्जीला शिरोळहून गाडीत बसवून घेऊनच आली. पेरणीची, भांगलणीची, मळणीची गाणी, साथीला हलगी आणि टाळ, बाकी नुसता गळा. नाव ठरलं 'सरीवरची गाणी'. सात गाणी सुरळीत झाली. आठव्याला गाडी रुतली.

"उसाच्या फडामंदी वारा शिरतो आडवा," एवढं म्हणून मीनाबाई गप्प बसली. दुसऱ्या ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गप्प. मग पुढची ओवी, तीही निम्मीच, आणि पुन्हा गप्प.

"आज्जी, दुसरी ओळ ऱ्हायली," प्रसेनजीत काचेपलीकडनं म्हणाला.

"ती माझी न्हाय."

"मग कुणाची?"

"जिची हाय तिची."

आता हे त्याला समजावं कसं? भांगलणीला बायका पात धरतात, म्हणजे सऱ्या वाटून घेतात आणि बसल्या बसल्या खुरप्यानं तण काढत पुढं सरकतात. एक बाई ओवीची पहिली ओळ सोडते, शेजारच्या पातीवरची दुसरी ओळ उचलते. कृष्णाकाठच्या मीनाबाईच्या गावात याचा एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच कुणी मोडत नव्हतं. जोडी एकदा जमली की जमली. जोडीण जिवंत आहे तोवर तिची ओळ दुसरीनं उचलायची नाही. ती माहेरी गेली, आजारी पडली, तर पहिलीनं निम्मी ओवी म्हणून पुढं सरकायचं. तिची ओळ दुसऱ्या कुणी उचलली, तर समजायचं की ती बाई गेली.

मीनाबाईची जोडीण बाळाबाई. मीनाबाई बौद्धवाड्यातली, बाळाबाई मराठा गल्लीतली. दोघींच्या घरचं रान जेमतेम, आणि बांधाला बांध लागलेला. पैऱ्यानं एकमेकींच्या रानात राबायच्या, आज तुझं, उद्या माझं. दोघी लग्न होऊन एकाच उन्हाळ्यात गावात आल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात जोडी जमली. मीनाबाईनं सोडायची, बाळाबाईनं उचलायची. मीनाबाई काहीही सोडायची. सासूवर, सरपंचावर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. बाळाबाई तिला कधी अडखळू द्यायची नाही. ती मुलखाची भिडस्त, चारचौघींत तोंड उघडायची नाही, पण मीनाबाईची ओळ आली की तिच्या नाकातल्या जाड आवाजात असं काही उत्तर द्यायची की सगळ्या पाती हसून आडव्या व्हायच्या. नवऱ्याजवळ बोलता येत नव्हतं ते त्या दोघी ओव्यांत बोलल्या. त्यांनी एकमेकींना एवढं ओळखलं होतं की बांधावरचं जेवण झाल्यावर कोण आधी आडवं होणार तेसुद्धा ठरलेलं.

मग एकोणीसचा पूर आला. गाव उठून वरच्या अंगाच्या शाळेत गेलं. पाणी सगळ्यांच्या घरात सारखंच शिरलं होतं, पण शाळेत खोल्या मात्र आपोआप वाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मीनाबाई तांब्या घेऊन पाण्याच्या पिंपाशी गेली. समोर बाळाबाई बसलेली, शेजारी तिचा मुलगा सयाजी. सयाजीला मीनाबाईनं बांधावर झोळीत झोके दिलेले. तो म्हणाला, "मावशी, तुमचं पिंप तिकडं हाय."

जोरात नाही म्हणाला. शिवी दिली नाही. भोवतीच्या लोकांनी ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. मीनाबाईनं सयाजीकडं बघितलंसुद्धा नाही, तिनं बाळाबाईकडं बघितलं. बाळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मीनाबाई थांबली. बाळाबाई गुंडाळतच राहिली. मग मीनाबाईनं तांब्या तिथंच ठेवला आणि निघून गेली.

पूर ओसरला. सयाजीनं रान खंडानं लावलं आणि आईला घेऊन पन्हाळ्याला गेला. तिथं पर्यटकांसाठी झुणका-भाकरीचं हॉटेल टाकलं म्हणे. त्या गोष्टीला आता सहा वर्षं होत आली. या सहा वर्षांत मीनाबाईला बाळाबाईचा राग आला नाही असा दिवस नव्हता, आणि तिची आठवण आली नाही असाही दिवस नव्हता. दोन्ही एकाच वेळी यायचं, ही त्यातली खरी पीडा. भांगलणीला गेली की ती सवयीनं निम्मी ओवी म्हणायची आणि शेजारच्या रिकाम्या पातीकडं कान लावून बसायची. बायका म्हणायच्या, मीनाबाई, आम्ही उचलतो की. ती म्हणायची, खुरपं चालवा.

यातलं प्रसेनजीतला तिनं एवढंच सांगितलं की जोडीण गावात नाही. तो विचारात पडला. मग म्हणाला, "आज्जी, जागा मोकळी ठेवूया. चांगलं वाटेल ते. पण एक सांगतो, मोकळी जागा दिसली की माणसाला ती भरावीशी वाटते."

"कुणाची छाती हाय भरायची?" मीनाबाई म्हणाली. तिच्या डोक्यात हिशेब साधा होता. अल्बम जेवढा लांब जाईल तेवढा बरा. कधीतरी पन्हाळ्याला पोचेल, बाळाबाईच्या कानावर पडेल, आपली जागा आपल्यासाठी अजून राखलेली आहे हे तिला कळेल, आणि ती उत्तर देईल. स्वतः जाऊन विचारायचं मात्र नाही. अपमान आपला झालाय, पायरी आपण चढायची नाही.

अल्बम लांब गेला. प्रसेनजीतला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढं गेला. उसाच्या ट्रॅक्टरांवर वाजायला लागला, लग्नाच्या मांडवात वाजायला लागला, कोल्हापूरच्या रेडिओवर लागला. वर्तमानपत्रात मीनाबाईचा खुरपं हातात धरलेला फोटो आला आणि गावच्या तलाठ्यानं पहिल्यांदाच तिला खुर्ची दिली. पण सगळ्यात जास्त चाललं ते आठवं गाणं, निम्म्या ओव्यांचं. लोकांना ती मोकळी जागा म्हणजे आमंत्रणच वाटलं. बायका फोनवर गाणं लावायच्या आणि मोकळ्या जागेत आपापली ओळ म्हणून ते जगाला दाखवायच्या. हुपरीची एक बाई पैंजणाच्या कड्या जोडता जोडता म्हणत होती. सीमेकडची एक शिक्षिका निम्मी मराठी, निम्मी कन्नड ओळ घालत होती. कुणी नवऱ्याला टोमणे मारले, कुणी मेलेल्या आईला हाक मारली. शंभर झाल्या, हजार झाल्या. अक्षता खुशीत होती.

मीनाबाई रोज संध्याकाळी म्हणायची, "लाव ते बायकांचं." मग अक्षता एकेक लावायची आणि आज्जी डोळे मिटून ऐकायची. अक्षताला वाटायचं, आज्जी कौतुकानं ऐकतेय. आज्जी नाकातला एक जाड आवाज शोधत होती. ओळ संपली की म्हणायची, "फुडं." पुढची. त्या आवाजाखेरीज सगळ्या महाराष्ट्रानं तिला उत्तर दिलं. कोल्हापुरात मोठ्या सभागृहात सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. निवेदकानं विचारलं, "आज्जी, आज कसं वाटतंय?" मीनाबाई खरं तेच म्हणाली, "मोकळं मोकळं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग एक दिवस प्रसेनजीत गावी आला. "जय भीम आज्जी," म्हणून ओसरीवर बसला आणि चहा निम्मा झाला तरी विषयावर येईना. शेवटी बोलला. मुंबईच्या एका कंपनीला आठवं गाणं पूर्ण करून हवं होतं. दुसऱ्या ओळी एका नावाजलेल्या गायिकेकडून म्हणवून घ्यायच्या, पुन्हा नव्यानं काढायचं. अशी संधी परत येत नाही. "तुमच्या होकाराबिगर मी काय करणार न्हाई," तो म्हणाला. "पण विचार करा. हजार बायकांनी म्हटलंच की. आता एकीनं नीट म्हणायचं, एवढंच."

मीनाबाईनं रविवारपर्यंत मुदत मागितली. त्या बायका आपल्या घरात म्हणाल्या होत्या, ती हौस होती. हे मात्र गाण्यातच घालायचं होतं, तिच्या ओळीशेजारी, कायमचं. हो म्हटलं की बाळाबाई मेली. आणि नाही म्हणायचं तर कुणाच्या भरवशावर? दोन रात्री ती तळमळली. तिसऱ्या दिवशी अक्षताला म्हणाली, "पन्हाळ्याला किती वाजता गाडी असती बघ."

सयाजीचं हॉटेल गडाच्या तीन दरवाजाच्या अलीकडं. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारात भाजलेल्या कणसांचा वास आणि आत धुकं शिरलेलं. मोटारीतनं आलेली माणसं जेवत होती. सयाजीनं मीनाबाईला बघितलं आणि त्याच्या हातातली ताटं तशीच राहिली. "मावशी," एवढंच म्हणाला आणि आतल्या बाजूला हात केला.

बाळाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. वाळली होती. केस सगळे पांढरे. मीनाबाईला तिची कीव आली, आणि कीव आली याचाही तिला राग आला. बाळाबाईनं वर न बघता विचारलं, "आलीस व्हय?"

"आलो."

"नाव झालं म्हणं लई."

"झालं की."

"बस मग."

अक्षता दाराशी उभी राहिली. मीनाबाई चुलीशेजारी टेकली. चुलीतलं एक लाकूड तिनं आत सारलं. मग मीनाबाई म्हणाली, "आठवं गाणं ऐकलंस?"

"रोज ऐकतो. मोटारीतनं माणसं येत्यात ती तेच लावत्यात. मागं दोन पोरी आल्या, साताऱ्याकडच्या. माझ्याच हातची भाकरी खात माझीच ओळ उचलत हुत्या. तव्यावरची करपून कोळसा झाली. सया म्हणतोय, आई, ध्यान कुठं हाय तुझं."

"तुझ्यासाठी जागा ठिवलीती ती मी."

"मोकळं रान सोडलं की कुणाचीबी गुरं शिरत्यात, मीना. तुला ठावं न्हवतं?" बाळाबाईनं भाकरी उलटली. "मला वाटलं, मी मेलो असं समजून माझी ओळ गावजेवणासारखी वाढून टाकलीस. मग मी कशाला बोलू?"

हे मीनाबाईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ज्या गाण्यानं बाळाबाईला बोलवायचं त्याच गाण्यानं तिचं तोंड बंद केलं होतं. ती इतके महिने हजार आवाजांत जिला शोधत होती, तिला त्याच हजार आवाजांनी बाहेर काढलं होतं. तिला वाईट वाटलं. पण ती इथं वाईट वाटून घ्यायला आली नव्हती.

"शाळंत मी वाट बघितली, बाळा," ती म्हणाली.

बाळाबाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "म्याबी बघितली. तू तांब्या ठिवलास. मला वाटलं, आता बोलशील. तू एक शब्द बोलली असतीस तर मी सयाचं कान उपटलं असतं, समद्यांम्होरं. पण तू बोललीच न्हाईस. पयली ओळ तुझी असती, मीना. तू सोडलीच न्हाईस. मी उचलू काय?"

ही सबब नव्हती. कांगावा नव्हता. बाळाबाई सहा वर्षं हेच खरं मानून बसली होती, चेहऱ्यावरच दिसत होतं. जन्मभर दुसरी ओळ म्हणणाऱ्या बाईला पहिली ओळ आपली असू शकते हे ठाऊकच नव्हतं. मीनाबाईला क्षणभर हसू येईल असं वाटलं. मग जे वर आलं ते हसू नव्हतं.

"हाकललं मला, आन बोलायचं बी मीच?" तिचा आवाज चढला, बाहेरच्या टेबलांपर्यंत गेला. "ल्योक तुझा. पिंप तुमचं. माझ्याजवळ काय हुतं गं? एक तांब्या. त्या दिशी पयली ओळ तुझी हुती, बाळा. माझी न्हवती."

दारात सयाजी येऊन उभा राहिला होता, त्याची मान खाली गेली. तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली, कुणी उतरवली नाही.

"कंपनीवाली तुझी ओळ दुसरीकडनं म्हणवून घेणार हायत," मीनाबाई उठत म्हणाली. "मी अजून व्हय म्हणलं न्हाय. तू न्हाय म्हण, मी न्हाय म्हणतो. पण कायतरी म्हण. ह्या बारीला मी म्हणणार न्हाय."

ती थांबली. शाळेत थांबली होती तशीच. बाळाबाई पिठाच्या हातांकडं बघत होती. मग मीनाबाईनं पिशवी उचलली, अक्षताला डोळ्यानं खुणावलं आणि जेवणाऱ्यांमधनं वाट काढत बाहेर पडली. रस्त्यावर धुकं होतं आणि स्टँडकडं जायला उतार. अक्षतानं तिचा हात धरला. आज्जीची चाल कमी झाली नाही.

मागनं आवाज आला.

आवाज चुकीच्या पट्टीत लागला होता, भलताच वर, आणि निम्म्यात फाटला. पहिली ओळ कुठून धरायची हे ज्याला माहीत नाही त्याचाच तो आवाज. थांबला, पुन्हा लागला. बाळाबाई हॉटेलच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत पीठ, आणि रानात पलीकडच्या पातीवर पोचावं एवढ्या मोठ्यानं म्हणत होती:

"पुराच्या पाण्यामंदी माझी जीभ गं बुडाली..."

जेवणाऱ्यांचे घास थांबले. सयाजी आईच्या मागं उभा होता. चारचौघींत तोंड न उघडणारी त्याची आई मुलादेखत, गिऱ्हाइकांदेखत, रस्त्यावरच्या परक्या माणसांदेखत ही ओळ सोडून उभी राहिली होती आणि तिला आता ती मागं घेता येणार नव्हती. प्रसेनजीतला नाही सांगायचं, हे आज्जीला विचारायची गरज अक्षताला उरली नाही.

मीनाबाई वळली. तिनं जन्मात कधी दुसरी ओळ उचलली नव्हती. पहिली सोडणारीला हवं तिथं जाता येतं. दुसरीला, समोरची जिथं नेऊन सोडेल तिथनं वाट काढावी लागते. ते एवढं अवघड असतं, हे तिला आत्ता कळत होतं. राग गेला नव्हता. तो तसाच होता, सहा वर्षांचा, आणि त्याच्याच शेजारी सहा वर्षांची ओढ होती. बाळाबाई रस्त्याकडं डोळे लावून वाट बघत होती. मीनाबाईनं तिला थोडी बघू दिली. मग श्वास घेतला.

"सये तुझी वाट बघून माझी झोप गं उडाली."

बाळाबाईनं हात पदराला पुसले. डोळे पुसायचे राहिले. ती पुढची ओळ शोधायला लागली, ओठ हलत होते, काही जुळत नव्हतं. खाली स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीनं हॉर्न दिला. मीनाबाई थांबली.